क्रॅचिटांचा हंस बेकरीत का गेला?

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करते आहे. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही लघुकादंबरी तिला अभ्यासाला आहे, म्हणून मीही तिच्याबरोबर वाचायला घेतली. बॉब क्रॅचिटच्या घरच्या नाताळच्या जेवणापाशी अडले. बटाटे घरी उकडतात, पुडिंग घरी शिजते, मग हंस तेवढा मुले बेकरीतून का आणतात? आणि दान मागायला आलेल्या माणसांना स्क्रूज तुरुंगांची चौकशी का करतो? गाइडात नुसते ‘सामाजिक विषमता’ एवढेच लिहिले आहे.
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : हंस बेकरीत गेला, कारण क्रॅचिटांच्या घरी भट्टी नव्हती. लंडनमधल्या गरिबांच्या घरात भिंतीतली कोळशाची शेकोटी असे. तिच्यावर भांडे चढवून बटाटे उकडता येत. सबंध पक्षी भाजायचा तर बंद भट्टी हवी, नाहीतर तासन्तास मोठा जाळ हवा, आणि एवढा कोळसा कोण जाळणार? बेकरीवाल्याला रविवारी पाव भाजायला कायद्याने मनाई होती, पण ठरलेल्या वेळात लोकांची जेवणे भाजून द्यायची मुभा होती. नाताळच्या दिवशीही तेच: सकाळी थाळा ठेवून यायचा, चार पैसे द्यायचे, दुपारी घेऊन जायचे. आपल्याकडे घरून मैदा, साखर, तूप नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणत, तसेच हे. आपला ट्रे कोणता यावर डोळा ठेवून जे लहानपणी भट्टीपाशी उभे राहिले असतील, त्यांना क्रॅचिटांची धाकटी दोन मुले लगेच ओळखू येतील. ती धावत घरी येतात आणि ओरडून सांगतात, बेकरीबाहेर वास आला, आपल्याच हंसाचा!

(हंस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरस्वतीचे वाहन येते. इथे तो बदकाहून मोठा पाळीव पक्षी आहे. लंडनचे कामकरी लोक आठवड्याला थोडे थोडे पैसे भरून नाताळच्या हंसासाठी मंडळे चालवत. आपली भिशीच म्हणा ना.)

पुडिंग घरी शिजले ते कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात. ते बाहेर काढताना धुण्याच्या दिवसासारखा वास सुटतो, तो पुडिंग बांधलेल्या फडक्याचा. एका घरात किती भांडी होती हे डिकन्स सांगत बसत नाही, त्या हंड्यावरून कळू देतो. मुलीला हा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगा.

या बेकऱ्यांचा विषय तेव्हा संसदेतही गाजला होता. सर अँड्र्यू अ‍ॅग्न्यू नावाचे खासदार १८३०च्या दशकात रविवार कडकडीत पाळायला लावणारी विधेयके पुन्हा पुन्हा आणत होते. ती मंजूर झाली असती तर गरिबाचे आठवड्यातले एकमेव गरम जेवण गेले असते, कारण श्रीमंताच्या घरी स्वतःची भट्टी आणि स्वयंपाकी होतेच. डिकन्सने १८३६ साली टोपणनावाने त्याविरुद्ध पुस्तिका काढली. सात वर्षांनी, या गोष्टीत, स्क्रूज आपल्याला भेटायला आलेल्या नाताळच्या आत्म्याला याच बेकऱ्या बंद करण्याबद्दल विचारतो, आणि आत्मा ते पाप आपल्या माथी घ्यायला साफ नकार देतो.

आता तुरुंगांचे. बॉबचा मालक स्क्रूज कंजूष आहेच, पण तुरुंग आणि ‘वर्कहाउस’ चालू आहेत ना, असे दान मागणाऱ्यांना तो विचारतो ते त्याच्या एकट्याच्या मनातले नव्हे. ते तेव्हाचे सरकारी धोरण आहे, आणि अभ्यास करणाऱ्याने हे आधी धरून ठेवावे. १८३४ साली इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. मदत हवी असेल तर ‘वर्कहाउस’मध्ये या, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असले पाहिजे, म्हणजे कुणी सुखासुखी येणार नाही, असे त्याचे तत्त्व. आत पाऊल टाकले की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. म्हणून ते गृहस्थ स्क्रूजला सांगतात की कित्येकांना तिथे जाण्यापेक्षा मरण बरे वाटते. त्यावर स्क्रूज म्हणतो, मग मरावे, जादा लोकसंख्या तरी कमी होईल. हे माल्थसचे लोकसंख्येचे गणित, १७९८ पासून सुशिक्षितांच्या तोंडी बसलेले.

डिकन्सला हे पुस्तकातून कळलेले नव्हते. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले. बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर कागद चिकटवत होता, आठवड्याला सहा शिलिंगांवर. त्याआधी हे कुटुंब लंडनच्या कॅम्डन टाउन भागात राहत होते. बॉब क्रॅचिटचे चार खोल्यांचे घर त्याने तिथेच ठेवले. १८४३ साली कारखान्यांतल्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचून तो हादरला आणि गरिबांच्या मुलांसाठी एक आवाहनपत्र काढायचे त्याने ठरवले. मग विचार बदलला आणि सहा आठवड्यांत ही गोष्ट लिहून काढली. आत्म्याच्या झग्याखालून बाहेर येणारी ‘अज्ञान’ आणि ‘दारिद्र्य’ ही दोन खंगलेली मुले त्या अहवालाच्या पानांतूनच आली आहेत, असे मला वाटते.

स्क्रूजच्या तोंडचा माल्थसचा हा विचार आपल्या मुलखापर्यंतही पोचला. माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात शिकवत होता आणि हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी तिथेच तयार होत. माल्थसनंतर त्याच कॉलेजातून निघालेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७च्या दुष्काळात सरकारी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मदत जास्त दिली की माणूस आळशी होतो, हाच युक्तिवाद तेव्हाही होता.

राहता राहिला बॉबचा पगार, तोही गाइडात नसेल. आठवड्याला पंधरा शिलिंग, खाणारी सहा मुले. १९ डिसेंबर १८४३ रोजी ‘अ ख्रिसमस कॅरल’ बाजारात आली. सोनेरी कडा, जॉन लीचची रंगीत चित्रे, आणि सहा हजार प्रती नाताळच्या आत संपल्या. किंमत पाच शिलिंग, म्हणजे बॉबच्या आठवड्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा. ज्याच्या घरची ही गोष्ट, त्याला ती विकत घेता आली नसती. दहा वर्षांनी, १८५३च्या डिसेंबरमध्ये, बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये डिकन्सने तिचे जाहीर वाचन केले, तेव्हा एक रात्र फक्त कामगारांसाठी राखून ठेवायला लावली आणि त्या रात्रीचे तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवले.