पाचवे कारण

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, तेराव्या व चौदाव्या श्लोकांत, भगवंतांनी अर्जुनाला कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. मनुष्य शरीराने, वाणीने वा मनाने जे जे आरंभितो, ते न्याय्य असो वा विपरीत, त्याच्या मुळाशी हीच पाच कारणे असतात, असे पुढच्याच श्लोकात म्हटले आहे. या श्लोकांचे विवेचन बहुधा आत्म्याच्या अकर्तेपणाच्या अंगाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. मूळ प्रकरण त्याचेच आहे. तथापि ज्या गृहस्थाचा धंदा बुडाला आहे, त्याने ते आणखी एका दृष्टीने वाचण्यासारखे आहेत.

अशा घराची अवस्था सर्वांच्या परिचयाची आहे. पत्नीचे दागिने गहाण पडलेले, धाकट्या भावाचा वाटा दुकानात अडकलेला, आणि सावकाराचा निरोप दर दोन दिवसांनी येत असलेला. अशा वेळी मनुष्याच्या तोंडून दोहोंपैकी एक वाक्य निघते. "दैवातच नव्हते," असे तरी तो म्हणतो. नाही तर, "सारे माझ्यामुळेच झाले," असे. पहिल्याने विचार थांबतो, दुसऱ्याने धैर्य खचते. गीतेला दोन्ही मान्य नाहीत. दैवाला तिने जागा दिली आहे, पण चार कारणे मोजून झाल्यावर; 'पाचवे' हा शब्द श्लोकातच आलेला आहे. आणि ही पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असे सोळावा श्लोक सांगतो.

'अधिष्ठान' म्हणजे श्रीशंकराचार्यांच्या मते शरीर. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त 'स्थान' असा अर्थ घेतला आहे. 'करणे' म्हणजे आचार्यांच्या मते इंद्रिये, लोकमान्यांच्या मते साधने. धंद्याच्या विचारात दोन्ही अर्थ उपयोगी पडतात. दैवाविषयीचे आचार्यांचे भाष्य मात्र मुद्दाम लक्षात ठेवावे. नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता, असा ते दैवाचा अर्थ करतात. म्हणजे दैव हे मनुष्याच्या वाटेत उभे राहणारे कोणी नव्हे. त्याच्या प्रयत्नाला बाहेरून मिळणारे साह्य आहे. आपण मात्र दुकान बंद पडले म्हणजेच त्याचे नाव काढतो.

ही पाचही कारणे एकाच चरित्रात पाहावयाची असतील, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र घ्यावे. त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची ओढ होती म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळून आले की, काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखताच येत नाही. चित्रकाराला याहून मोठे अपयश कोणते? येथे अधिष्ठानच, म्हणजे शरीरच, त्या कर्माला अनुकूल नव्हते. त्यांनी रंग सोडले. रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने करण्यास रंग लागत नाहीत. ती विद्या त्यांनी साधली आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, नंतर कडबा कापण्याची यंत्रे, आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर, असा त्यांचा उद्योग वाढत गेला.

नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. या समजुतीला आज हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे वर्षाचे अन्न एका पेरणीवर अवलंबून असते, तो मनुष्य परक्या वस्तूला भितो, यात नवल नाही. कारखानदाराचे नुकसान एका नांगराचे, शेतकऱ्याचे एका वर्षाचे! येथे अधिष्ठान, कर्ता वा करण यांत उणेपणा नव्हता. नांगर घडवून झाला होता, विश्वास घडवणे राहिले होते. म्हणजे उणीव चेष्टेत होती. म्हणूनच लक्ष्मणरावांनी रंग सोडले तसा नांगर सोडला नाही. सोडावे कोणते आणि धरावे कोणते, हा प्रश्न अपयशानंतर प्रत्येकाला पडतो. पाचांपैकी कोणते कारण कमी पडले हे ओळखल्याशिवाय त्याचे उत्तर सापडत नाही, आणि नुसत्या जिद्दीने तर मुळीच सापडत नाही.

पुढे बेळगावची जागाही गेली. नगरपालिकेला ती वस्तीच्या विस्तारासाठी हवी होती. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली. निवडुंगाने भरलेले, सापांचे ते माळरान! तेथे 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. 1914 च्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. जागा गेली आणि जागा मिळाली, लोखंड थांबले आणि लोखंड आले. आचार्यांनी अनुग्रह म्हणून सांगितलेले दैव ते हेच. परंतु तोफ वितळवून तिचे काय करावे हे ज्याला ठाऊक होते, त्याच्याच दाराशी ती गेली.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, अपयश आले तरी पुन्हा पुन्हा उडी घ्यावी. तसे गीता सांगत नाही. त्याच अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. अनुबंध म्हणजे मागाहून येणारे परिणाम, क्षय म्हणजे द्रव्यादिकांची हानी, हिंसा म्हणजे दुसऱ्याला होणारी पीडा, आणि पौरुष म्हणजे आपले सामर्थ्य. पहिले कर्ज डोक्यावर असताना दुसरे काढणाऱ्या गृहस्थाने 'हिंसा' या शब्दापाशी थोडे थांबावे. भावाचा अडकलेला वाटा आणि पत्नीचे गहाण पडलेले दागिने त्या एका शब्दात येतात. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य पुष्कळदा दुसऱ्याच्या पैशावर उच्चारले जाते.

हा पाठ नुसता वाचण्यापुरता ठेवू नये. वहीपूजन दिवाळीत होत असो वा हिशेबाचे वर्ष चैत्रात फिरत असो, नवी वही उघडण्यापूर्वी जुन्या वहीच्या एखाद्या कोऱ्या पानावर ही पाच नावे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकापुढे वर्षभरात काय उणे पडले ते मांडावे. दुकानात भागीदार असलेल्या भावाला व घरातील पत्नीलाही ते पान दाखवावे. चेष्टेपुढे काय लिहावयाचे ते पुष्कळदा त्यांनाच अधिक ठाऊक असते. पाचव्या नावापुढची जागा सर्वांत शेवटी भरावी.