जग खोटे नाही : ज्ञानदेवांचे उत्तर

हूरा येथे दर शुक्रवारी आम्ही काही कुटुंबे एकत्र बसून संतवाङ्मय वाचतो. एकदा मी 'जग मिथ्या आहे' या सिद्धांतावर बोललो. वाचन संपल्यावर एका ताईंनी विचारले, "दादा, माझे वडील गेले तेव्हा मला वेळेवर साताऱ्याला पोचता आले नाही. जग खोटे, तर माझे वडील आणि माझे रडणेही खोटेच का?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर जो अभ्यास केला त्याचा हा सारांश.

मूळ प्रश्न फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सात ऋचांत विचारते की हे विश्व आले कोठून. आणि ते परमव्योमातील अध्यक्षाला तरी ठाऊक आहे का, अशा शंकेवर थांबते. आजचे विज्ञान विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे सांगते. पण मुळात काहीच नसण्याऐवजी विश्व आहे ते का, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

मग हे सारे मनाचेच खेळ आहेत काय? बर्कले या आयरिश तत्त्वज्ञाने १७१० साली मांडले की वस्तूचे असणे म्हणजे कुणाला तरी ती जाणवणे. आपला वेदान्तही हेच सांगतो असे पुष्कळांना वाटते. पण गीतेच्या सातव्या अध्यायात अष्टधा प्रकृती सांगताना पृथ्वी, जल यांच्याच पंगतीला मन आणि बुद्धी बसवली आहे. म्हणजे मनही जगाचाच भाग. मूळ तत्त्व मन नव्हे, तर मनालाही जाणणारे चैतन्य.

आता पुढचा पेच. सर्व चैतन्यच असेल तर हे नानारूप जग का दिसते? अज्ञानामुळे, दोरीवर साप दिसावा तसे, असे शांकरमत सांगते. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ.स. १२९०) मायेची ही भाषा अनेक ठिकाणी येते. 'अमृतानुभवा'त मात्र ज्ञानदेव विचारतात, सगळे ज्ञानच असेल तर अज्ञान राहणार कोठे? दिवा घेऊन अंधार शोधण्यासारखेच ते. अज्ञानखंडनाचे सातवे प्रकरण त्या ग्रंथातील सर्वांत मोठे आहे.

मग जग म्हणजे काय, हे 'चांगदेव पासष्टी'त थोडक्यात येते. मायना काय लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरे पत्र पाठवले आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिले, ही कथा आपण जाणतोच. त्यात सोन्याचा दृष्टांत आहे. सोने जराही कमी न होता दागिना होते, तसे चैतन्य न वेचता जग होते. मनामाच्या सोनारबाजारात जाणाऱ्या भगिनींना हे समजावयास नको! बांगडी मोडून हार केला तरी काट्यावर सोनेच चढते. पण म्हणून बांगडी खोटी होती असे कुणी म्हणत नाही.

आणि 'का'? कुणाच्या गरजेपोटी नव्हे. चैतन्य स्वतःच द्रष्टा आणि दृश्य होऊन स्वतःला पाहते, हा त्याचा सहज विलास. म्हणूनच अभ्यासक या मताला 'चिद्विलासवाद' म्हणतात. हा गणिती पुरावा नव्हे, अनुभवाचा मार्ग आहे, हे मान्य करायला हवे.

पुढच्या शुक्रवारी मी ताईंना म्हटले, "ताई, माझे चुकले. तुमचे वडील खरे, तुमचे रडणेही खरे. ज्यातून ते आले, त्यातूनच तुम्ही आणि तुमचे अश्रू आले." दुःख त्याने संपले नाही. पण ते खोटे ठरवावे लागले नाही, एवढे त्या म्हणाल्या.

या उत्सवात मुलांसोबत पासष्टीच्या रोज पाचच ओव्या वाचाव्यात. तेरा दिवसांत पत्र पूर्ण होते.

॥ श्री ज्ञानेश्वर माउली समर्थ ॥