रेडिओ घूंऽऽ का करतो? : सलग डीसी मिळवण्याचा पाठ



विज्ञान प्रदर्शनासाठी एका विद्यार्थ्याने सेलवरचा रेडिओ विजेवर चालवायचं ठरवलं. ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, चार डायोड जोडले. रेडिओ लागला, पण मागे सारखी घूंऽऽ अशी घरघर. "सर, डीसी तर झाली, मग चुकलं कुठं?" पोरगं हिरमुसलं होतं. खरं तर चुकलं काहीच नव्हतं. काम अर्धं राहिलं होतं.

जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावरची वीज असो की औष्णिक केंद्रातली, घरी येते ती प्रत्यावर्ती. सेकंदाला ५० आवर्तनं. चार डायोडचा पूल उलटी अर्धी लाट सुलट करतो. दिशा एकच होते, पण व्होल्टता सेकंदाला १०० वेळा चढते आणि शून्यावर येते. तीच ती घरघर. एक दिशा मिळाली म्हणजे स्थिर धारा मिळाली, असं मुलं धरून चालतात. गल्लत इथंच होते.

आता नळाचं उदाहरण द्या. नळाला पाणी दोन-चार दिवसांआड आलं, तरी गच्चीवरची टाकी भरलेली असली की घरातली तोटी चालू राहते. कॅपॅसिटर म्हणजे हीच टाकी. व्होल्टता चढताना तो भरतो, उतरताना साठा पुरवतो.

टाकी केवढी हवी? फळ्यावर मांडा:

व्होल्टतेतली घट = धारा × वेळ ÷ धारिता

धारा ०.१ अँपिअर, दोन शिखरांमधला वेळ ०.०१ सेकंद, कॅपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, म्हणजे ०.००१ फॅरड. घट साधारण १ व्होल्ट. १०० मायक्रोफॅरड घेतला तर उत्तर १० व्होल्ट येतं; आपली लाटच शिखराला साधारण ८.५ व्होल्ट! म्हणजे टाकी मध्येच रिकामी.

हे सांभाळा:
१. कॅपॅसिटरची धन-ऋण टोकं उलटी जोडू नका. तो फुटू शकतो.
२. इथं १६ व्होल्टचा कॅपॅसिटर घ्या.
३. २३० व्होल्टची बाजू शिक्षकांनीच जोडून झाकावी.
४. मोबाईलचा चार्जर मुलांना उघडू देऊ नका. त्यातला कॅपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

त्या विद्यार्थ्याने १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडला, घरघर जवळपास थांबली. प्रदर्शनात त्याने रेडिओ दोन्ही प्रकारे ऐकवला: आधी कॅपॅसिटरशिवाय, मग जोडून. फसलेला प्रयोगच त्याचा पाठ झाला.