संगणक मूळ स्थितीत आणल्यानंतरची जागा

शाळेतील अथवा पंचायत कार्यालयातील संगणक मंदावला की तो ‘रीसेट’ करून मूळ स्थितीत आणला जातो. तथापि, त्यानंतरही डिस्क भरलेलीच आढळते व वापरणारा बुचकळ्यात पडतो.

कारण साधे आहे. विंडोज १० व ११ या प्रणालींत स्वतःच्या फाइली राखून रीसेट केल्यास जुनी प्रणाली बहुधा ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात शिल्लक राहते. नवे घर बांधताना जुन्या घराचे सामान अंगणात रचून ठेवावे, तसाच हा प्रकार होय. हा फोल्डर पुष्कळदा १० गिगाबाइटहून अधिक जागा अडवतो.

तो काढण्यापूर्वी सी ड्राइव्हमधील या फोल्डरातील ‘यूझर्स’ हा भाग उघडून पाहावा. दाखले, गुणपत्रके, हिशेब आढळल्यास त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. काही दिवसांनी प्रणाली हा फोल्डर आपोआप पुसते. सबब विलंब करू नये.

त्यानंतर ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ व ‘टेम्पररी फाइल्स’ क्रमाने उघडावे. ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’समोर खूण करून ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबावे. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही दिसते, त्यात आपण उतरवून घेतलेल्या फाइली असल्याने तेथे न पाहता खूण करू नये. डिस्कवरील ‘रिकव्हरी’ विभागही जागेच्या लोभाने काढू नये. पुढील दुरुस्तीस तो उपयोगी पडतो.

जागा पुन्हा मिळवता येते; प्रत न घेता पुसलेला दाखला परत मिळेलच असे नाही.