एच.आय.व्ही.बाधितांचे सहजीवन आणि निरोध

‘निरोध’ हा शब्द १९६८ साली कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाबरोबर आपल्या खेड्यापाड्यांतील भिंतींवर आला. त्या वेळी त्याचा अर्थ एकच होता, तो म्हणजे पाळणा लांबविणे. पुढे १९८६ साली तत्कालीन मद्रासमध्ये घेतलेल्या रक्तनमुन्यांत एच.आय.व्ही. विषाणू भारतात प्रथम आढळला आणि या साधनावर दुसरी, अधिक गंभीर जबाबदारी येऊन पडली. तथापि पहिला अर्थ लोकमानसात इतका घट्ट रुजला आहे की, दुसऱ्याला अद्याप पुरती जागा मिळालेली नाही. बाधित जोडप्यांच्या समुपदेशनातील बरीचशी अडचण येथूनच सुरू होते.

आपल्या राज्यात स्त्रियांची नसबंदी ही कुटुंबनियोजनाची सर्वाधिक प्रचलित पद्धत होय. दोन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीपुढे निरोधाचा विषय काढला की, “माझं तर ऑपरेशन झालंय, आता हे कशाला?” असा प्रश्न येतो. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही तितक्याच सरळपणे दिले पाहिजे. नसबंदीने गर्भधारणेचा मार्ग बंद होतो, विषाणूचा नव्हे. तांबी व गोळ्या यांनाही हेच लागू आहे. उत्तर पटले तरी पुढची पायरी कठीण असते. पत्नीने निरोधाचा आग्रह धरला, तर “माझ्यावर संशय घेतेस काय?” असे तिलाच ऐकावे लागते. म्हणून केवळ स्त्रियांच्या मेळाव्यांत हा विषय मांडून भागत नाही. पुरुषांशी पुरुषांनी बोलावे लागते, आणि आपले कार्यक्रम नेमके तेथेच तोकडे पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपचारांनी बदललेले चित्र

१ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून एआरटी औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच प्रत्येक बाधितास उपचार देण्याचे धोरण आले. या औषधांनी केवळ रुग्णाचे आयुष्य वाढते असे नाही. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. या जोडप्यांत एक जोडीदार बाधित व दुसरा अबाधित होता. पुणे व चेन्नई येथील जोडपीही त्यात सहभागी होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्याच्या २०११ सालच्या निष्कर्षांत दिसले. रक्तातील विषाणूभार मोजता न येण्याइतका कमी होऊन तसाच टिकला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आज सर्वमान्य झाले आहे.

मग निरोध कशाला, असे कोणी विचारील. विषाणूभार उतरण्यास सुमारे सहा महिने लागू शकतात, आणि तो उतरला की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. ऊसतोडीला वा परगावी कामाला गेलेल्यांच्या गोळ्या चुकतात आणि विषाणू पुन्हा डोके वर काढतो. शिवाय गरमी, परमा यांसारखे गुप्तरोग एआरटीने थांबत नाहीत. दोघेही बाधित असतील, तर औषधांना न जुमानणारा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता, अल्प असली तरी, उरतेच. मूल हवे असणाऱ्या जोडप्याने मात्र निराश होण्याचे कारण नाही. विषाणूभार नियंत्रणात आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना अपत्यप्राप्तीचा विचार करता येतो.

वापराविषयी दोन गोष्टी वारंवार चुकतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावल्याने रबर कमकुवत होऊन फाटते. वंगण हवेच असेल तर ते पाण्यात विरघळणारे असावे. अधिक सुरक्षितता म्हणून एकावर एक दोन निरोध चढविणेही चूक, कारण घर्षणाने दोन्ही फाटण्याचा संभव असतो. पाकिटावरील मुदत पाहणे व ते उन्हात किंवा खिशात दीर्घकाळ न ठेवणे हे ओघाने आलेच. निरोध फाटलाच आणि बाधित जोडीदाराचा विषाणूभार नियंत्रणात नसेल, तर अबाधित जोडीदाराने ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, शासकीय रुग्णालय गाठून प्रतिबंधक औषधांविषयी विचारावे.

गावातील जबाबदार व्यक्तींनी एक कायदा ध्यानी ठेवला पाहिजे. १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आलेल्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमान्वये बाधित व्यक्तीने लागण टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, अशी अपेक्षा आहे. परंतु तिची माहिती गुप्त राखणे हेही कायद्याचेच बंधन आहे. जोडीदारास कळविण्याची तरतूदसुद्धा डॉक्टर वा समुपदेशकापुरती व अटींसह आहे. त्यामुळे स्त्रीला मारहाण होईल वा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल, तर तसे कळविता येत नाही. सरपंचांनी किंवा शिक्षकांनी ‘गावाच्या हितासाठी’ कोणाचे नाव फोडणे यात कोठेच बसत नाही.

एका दौऱ्यात एका ग्रामपंचायतीत मोफत निरोधाची पेटी ग्रामसेवकांच्या टेबलासमोर टांगलेली आढळली. पेटी भरलेली होती व तिच्यावर धूळ होती. “कोणी नेतच नाही,” असे सरपंच म्हणाले. आरोग्य सेविकेने ती उपकेंद्राच्या मागील व्हरांड्यात, नळाजवळ हलविण्याचे सुचविले. पुढच्या महिन्यात ती दोनदा भरावी लागली. कोणी नेले याची चौकशी कोणीही केली नाही.