पुढच्यास ठेच, मागचा शहाणा?

व्हिडिओ गेम हा विषय वार्षिकांकात पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु ज्या कृतीत कथा आहे, पात्रे आहेत, स्थळकाळाचे भान आहे, तिला साहित्याचे निकष लावून पाहण्यास हरकत नसावी. कादंबरीचा दुसरा भाग पहिल्याहून सरस उतरला काय, हे आपण विचारतोच. तोच प्रश्न येथे ‘असॅसिन्स क्रीड’ या खेळाच्या पहिल्या दोन भागांविषयी विचारावयाचा आहे. युबिसॉफ्टच्या कॅनडातील माँट्रियल येथील स्टुडिओने पहिला भाग २००७ साली व दुसरा २००९ साली काढला.

पहिल्या भागाचा काळ इ. स. ११९१, म्हणजे तिसऱ्या धर्मयुद्धाचा. स्थळे दमास्कस, एकर आणि जेरुसलेम. नायक अल्ताईर हा मारेकऱ्यांच्या गुप्त पंथातला. उद्दामपणाबद्दल गुरूने त्याचा दर्जा काढून घेतलेला असतो. तो परत मिळवण्यासाठी त्याने नऊ जणांना ठार करावयाचे असते. खेळणाऱ्याने शहरात हिंडावे, लोकांचे बोलणे चोरून ऐकावे, खिसे कापावेत, कुणाला दरडावून माहिती काढावी आणि मग स्वतःच्या डोक्याने बेत आखावा, अशी ही योजना. कल्पना मोठी, पण अंमलबजावणी तोकडी पडली. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागत असल्याने उत्सुकता लवकरच ओसरते. उंच मनोऱ्यावर लीलया चढणारा हा वीर पाण्यात पडला की संपलाच! जागोजागचे झेंडे गोळा करावेत, तर त्यांचा कथेशी काही संबंध नाही.

दुसऱ्या भागाने हे दोष एकेक करून दूर केले. कथा १४७६ सालच्या फ्लोरेन्समध्ये सुरू होते. एझिओ या तरुणाच्या वडिलांना व दोन भावांना फाशी दिली जाते आणि तो सूडाला प्रवृत्त होतो. कामांत विविधता आली. व्हेनिसच्या कालव्यांत नायक पोहू लागला. झेंड्यांच्या जागी पिसे आली. पण ती मेलेल्या धाकट्या भावाच्या छंदाची आहेत आणि दुःखाने अबोल झालेल्या आईसाठी पेटीत नेऊन ठेवायची आहेत. वस्तू गोळा करण्याची युक्ती तीच, पण येथे तिला अर्थ लाभला. १४७८ सालचा पात्झी घराण्याचा कट कथेत गुंफला आहे आणि लिओनार्दो दा विंची नायकाचा मित्र म्हणून भेटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर ही मेजवानीच.

मग दुसरा भाग सरस, असे म्हणून थांबावे काय? मला तसे वाटत नाही. दुसऱ्यात वाट बहुतेक ठिकाणी आखून दिलेली आहे; स्वतः बेत आखण्याची मूळ कल्पना मागे पडली. कथेतील दोन प्रकरणे तर आरंभी गाळून २०१० साली वेगळी विकण्यात आली. परंतु खरा फरक आशयाचा आहे. पहिल्या भागात मरणारा प्रत्येक जण अल्ताईरला आपली बाजू सांगतो. एकरच्या रुग्णालयातील गार्निए हा वेड्यांवर अघोरी प्रयोग करणारा. पण मरताना तोही आपण त्यांचे भलेच करीत होतो असे म्हणतो. हळूहळू अल्ताईरला शंका येऊ लागते, आणि शेवटी ज्याने आज्ञा दिल्या तो गुरूच कटातला निघतो. आज्ञा पाळावी की प्रश्न विचारावा, हा तेथला पेच आहे. एझिओचे शत्रू मात्र आरंभापासून शत्रूच आहेत.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, विषयांची निवड, सारे चाचपडत झाले. धाकटी बहीण येईल तेव्हा तिला हे सोपे जाईल, ती माझ्यापेक्षा चांगले गुणही मिळवील. मला त्याचा आनंदच होईल. पण तिच्या गुणांवरून माझे चाचपडणे वाया गेले असे कुणी ठरवू नये.

म्हणून माझा निर्णय असा: बांधणीत दुसरा भाग निःसंशय श्रेष्ठ, विचारात पहिला. झेंडे नसते तर पिसे सुचलीच असती, असे खात्रीने कोण सांगेल? दुसऱ्या भागाचे कौतुक करावे. मात्र ते करताना पहिल्याच्या धाडसाचे गुणही त्याच्या पदरात टाकावेत.

— द्वितीय वर्ष, कला