वनविहारातील एक फेरी : झाड आणि माळ

आम्ही अक्कलकोटची माणसे झाड म्हटले की हात जोडतो. वटवृक्ष मंदिराच्या गावात लहानाचे मोठे झाल्यावर 'झाड म्हणजे समृद्धी आणि उघडा माळ म्हणजे दैन्य' हे समीकरण मनात केव्हा रुजले, ते मलाही सांगता येणार नाही. या समीकरणाला पहिला तडा गेला तो सोलापूरच्या सिद्धेश्वर वनविहारात. भूगोलाच्या अभ्याससहलीत तेथे केलेल्या एका फेरीने मला जे शिकविले, ते माझ्या सहाध्यायांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

अक्कलकोटहून एस. टी.ने सुमारे ४० किलोमीटरवर सोलापूर. तेथे विजापूर रस्त्यालगत हे वन आहे. आम्ही धरलेली पायवाट अगदी सोपी होती. चढ जवळजवळ नाहीच आणि वळसा घालून माणूस निघाला तेथेच परत येतो. निघताना सरांनी एकच अट घातली, "गप्पा नकोत. दर शंभर पावलांवर थांबायचे आणि तीन गोष्टी वहीत टिपायच्या : पायाखालची माती, डोक्यावरची सावली आणि त्या सावलीत काय उगवले आहे ते."

पहिल्या थांब्यांवर बाभूळ आणि कडुनिंब होते. बाभळीची पाने बारीक, त्यामुळे सावली विरळ; ऊन गाळून खाली उतरते आणि बुडाशी गवत तग धरते. सातभाईंचा कलकलाट चालू होता. पुढे गिरिपुष्पाची दाट लागवड लागली. गारवा छान होता. पण खाली पाहिले तर वाळलेल्या पानांचा थर, गवताची काडीही नाही. वळणावर मात्र झाडी संपली आणि मुरमाड जमिनीचा एक उघडा तुकडा दिसला. गुडघाभर पिवळे गवत होते. त्याची कुसळे माझ्या ओढणीला चिकटली. मी वहीत लिहिले : 'रिकामी जागा.'

सरांनी वही पाहिली आणि विचारले, "रिकामी? अगं, मग हे चिकटले आहे ते काय?"

सारे हसले, पण सरांनी तेथेच धडा घेतला. सह्याद्रीवर ढग रिते झाल्यावर उरलेला पाऊस आपल्या वाट्याला येतो. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरात सरासरी साडेपाचशेच्या आसपास. त्यातच माळावर बेसॉल्ट खडकावर मातीचा थर वीतभर. अशा ठिकाणी दाट अरण्य वाढत नाही; तेथे निसर्गतः गवत येते आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते मुळांनी माती धरून ठेवतात. चंडोल, धाविक, माळटिटवी ही पाखरे जमिनीवरच अंडी घालतात. म्हणजे माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. तो स्वतंत्र संसार आहे. उलट गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेकडचे. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'उंदीरमारी' असा आहे.

हे ऐकताना मला वर्षापूर्वीचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आठवले. एका गावच्या गायरानात आम्ही मोठ्या उत्साहाने याच गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या होत्या. मेंढरे घेऊन आलेल्या एक आजी बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, झाडं लावा की, पन माझी मेंढरं कुठं चरायची?" तेव्हा तो प्रश्न मला अडाणीपणाचा वाटला होता. वनविहाराच्या त्या वळणावर कळले, की अडाणी मी होते.

या चुकीची किंमत केवढी असते? सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजचे उदाहरण पाहावे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. सुमारे मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या गवताळ माळावर वावरतो आणि मादी बहुधा एकच अंडे घालते. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, शिकार झाली आणि काही माळांवर तर झाडेही लावली गेली. २०११ पासून त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. नान्नजला त्याचे दर्शन आता अत्यंत दुर्मिळ झाले आहे.

याचा अर्थ झाडे लावू नयेत असा मुळीच नाही. शहराच्या कडेला वनविहारासारखी सावली हवीच. बोरी नदीचा काठ, शेताचा बांध, महाविद्यालयाचे आवार, रस्त्याच्या दुतर्फा कडुनिंब, वड, चिंच जरूर लावावेत. पण खड्डा खणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : येथे पूर्वी काय उगवत होते? येथे कोण चरते, कोण घरटे करते? आणि हे झाड मूळचे कोठले? उत्तरे मिळाली नाहीत, तर कुदळ खाली ठेवावी.

फेरी पूर्ण करून आम्ही फाटकाशी आलो. मी वहीतील 'रिकामी जागा' हे शब्द खोडले आणि वर लिहिले : 'माळ. गवत गुडघाभर. चंडोल दोन.' येत्या पावसाळ्यात आपल्या महाविद्यालयाचे वृक्षारोपण गायरानावर ठरले, तर त्या आजींना आधी विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.

— द्वितीय वर्ष, कला (भूगोल)